एकदाच टोचलं

ऑपरेशन थिएटरमध्ये त्या दोघी नर्सना सगळे थोरली आणि धाकटी म्हणत. नात्यातल्या नव्हत्या, पण नऊ वर्षं एकाच टेबलापाशी उभ्या राहिलेल्या, एकमेकींच्या डब्यात हात घालणाऱ्या. थोरली भूलतज्ज्ञांच्या हाताखाली, धाकटी सर्जनच्या. त्यामुळे धाकटीला दिवस गेले तेव्हा न बोलताच ठरलं, की बाळंतपण इथंच, आणि कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून पाठीत सुई देताना तिचे खांदे धरणार थोरली.

सुई तीनदा टोचली. तिसऱ्या वेळी पाठीवरून काहीतरी कोमट ओघळलं आणि एरवी काम करताना गुणगुणणारे भूलतज्ज्ञ एकदम गप्प झाले. "झालं हं, झालं," थोरली तिच्या कानाशी म्हणाली.

मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध पाजायला धाकटी उठून बसली आणि डोक्यात घणाचे घाव पडू लागले. आडवी झाली तर पाच मिनिटांत सगळं शांत. पुन्हा बसली, पुन्हा तेच. असं दुखणं तिनं पाठीत सुई घेतलेल्या इतर बायकांचं पाहिलं होतं. तिनं थोरलीला बोलावून घेतलं.

"सुई जास्त आत गेली होती का गं? तीनदा टोचल्यासारखं वाटलं मला."

"एकदाच टोचलं. कळांच्या भरात तुला काय कळणार? झोप नाही, म्हणून डोकं धरलंय. मी कडक कॉफी पाठवते."

कॉफीचा थर्मास खरंच आला, घरी सोडेपर्यंत रोज दोनदा. धाकटीला केवढं बरं वाटलं. स्वतःच्या पाठीला कळलं होतं ते तिनं बाजूला सारलं आणि थोरलीचं खरं मानलं.

घरी आल्यावर ती मुलीला निजूनच पाजायची. आई म्हणायची, "पहिलटकरीण आहेस, अंगात ताकद नाही." सहाव्या दिवशी मुलीला उचलायला गेली तर पाळण्यात दोन मुली. तिनं हात घातला तो नसलेल्या मुलीकडे. नवऱ्यानं तडक दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथली डॉक्टरीण बाळंतपणाचे कागद चाळत म्हणाली, "लक्षणं सगळी सुई आत गेल्याची. मणक्यातलं पाणी गळतंय, त्यानं डोळ्याची नस ओढली गेलीय. पण इथं तर एकदाच टोचल्याचं लिहिलंय."

धाकटीनं एक डोळा झाकून वाचलं. 'एकदाच टोचलं. अडचण नाही.' अक्षर थोरलीचं होतं.

गळती बुजावी म्हणून तिच्याच दंडातलं रक्त काढून पाठीत, त्या जागी सोडलं. तासाभरात ती उठून बसली, डोकं हलकं. डोळ्याला मात्र महिने लागतील, असं डॉक्टरीण म्हणाली. "पहिल्या दोन-तीन दिवसांत आला असतात, तर डोळ्यापर्यंत बहुतेक गेलंच नसतं."

आठवड्यानं थोरली झबलं घेऊन घरी आली. धाकटीच्या डोळ्यावरची पट्टी पाहून दारातच थबकली.

"किती वेळा टोचलं?" धाकटीनं विचारलं.

"तीनदा." थोरली खाली बघत म्हणाली. "सरांची आधीच एक चौकशी चालू होती. ते म्हणाले, एकदाच लिही. मला वाटलं, दोन दिवसांत आपोआप थांबेल. बहुतेकींचं थांबतं."

"लिहायला त्यांनी सांगितलं. माझ्या तोंडावर खोटं बोलायला कोणी सांगितलं होतं?"

थोरली हळूच म्हणाली, "कॉफी पाठवत होते ना मी."

धाकटीला तेच सगळ्यात लागलं. त्या दुखण्यावर कॉफी देतात. म्हणजे हिला दुखणं पक्कं ठाऊक होतं. औषध दिलं, नाव तेवढं लपवलं. "केसानं गळा कापलास," ती म्हणाली आणि मुलीला घेऊन आत गेली.

तिनं लेखी तक्रार केली. चौकशीत थोरलीनं खरं सांगितलं. भूलतज्ज्ञ नोकरी सोडून गेले, थोरलीची बदली वॉर्डात झाली. थिएटरमधले काहीजण धाकटीशी बोलेनासे झाले. जिवाभावाच्या मैत्रिणीवर उलटली म्हणे.

तीन महिन्यांनी डोळा सरळ झाला, सहाव्या महिन्यात ती कामावर रुजू झाली. पहिल्याच दिवशी जिन्यात थोरली समोर आली.

"मुलगी कशी आहे?"

"बरी आहे."

थोरली वर गेली. आदल्याच दिवशी मुलीला पहिला दात दिसला होता. ते कोणाला तरी सांगावं असं धाकटीला सकाळपासून वाटत होतं. हात धुऊन, टोपी बांधून ती टेबलापाशी जाऊन उभी राहिली.