दासोहाच्या वहीतली नावं

ठक्, ठक्, ठक्. पत्र्यावर पडणाऱ्या लाकडी हातोडीचा हा आवाज मी सगळ्यात आधी ऐकला. उदगीरच्या बाजारात एक म्हातारा पत्रेवाला सकाळपासून मला ठोकत बसला होता. कडा वळवल्या, कोयंडा बसवला, वरून हिरवा रंग दिला आणि मला उन्हात ठेवून तो चहाला गेला.

मी पत्र्याचा पेटारा बोलतोय. शांतम्मा दासोह न्यासाचे जुने कागद माझ्या पोटात असतात.

मला विकत घेतलं ते शिरूर अनंतपाळच्या विरूपाक्षअप्पांनी. त्यांचं कापडाचं दुकान होतं. आई गेल्यावर त्यांनी तिच्या नावानं न्यास काढला. न्यासाचं काम एकच, दासोह. दारी आलेल्या माणसाला पाहुणा समजून जेवू घालायचं. अप्पा कपाळाला विभूती लावून दारात उभे राहायचे आणि येणाऱ्याला कानडीत विचारायचे, "ऊट आयता?" जेवण झालं का, एवढंच. माणसानं लाजत मान हलवली की त्याला आत घ्यायचे.

न्यासाची लिखापढी किशनराव करायचे. चौथीपर्यंत शिकलेले, पण अक्षर गोल आणि सुटसुटीत. त्यांना मेज नव्हतं. माझ्याच झाकणावर वही ठेवून ते लिहायचे. त्यामुळे लिहिण्याआधीचं सगळं बोलणं माझ्या कानावर पडायचं.

नावं लिहायची, ती हिशोबासाठी नव्हे. दिवे लागले की अप्पा पूजेला बसायचे. तळहातावर इष्टलिंग घ्यायचे आणि म्हणायचे, "किशनराव, आजच्या पाहुण्यांची नावं वाचा." किशनराव एकेक नाव सावकाश वाचायचे. अप्पा डोळे मिटून ऐकायचे. पाहुण्याचं नाव देवाच्या कानावर गेल्याशिवाय दासोह पुरा होत नाही, असं त्यांच्या आईचं म्हणणं होतं.

बहात्तर साल उजाडलं. त्याच्या आदल्या वर्षीही पाऊस कमीच होता. आता विहिरींचे तळ दिसले. माणसं खडी फोडायला, तलावाच्या कामावर जायला लागली. परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी गिळवत नव्हत्या, तरी लोक खात होते. दासोहाच्या दारात रांग वाढली. कधी आंबील, कधी घुगऱ्या.

एका दुपारी रांगेत चतुराबाई उभी राहिली. वीस एकर रानाच्या घरची सून. तिच्या घरून सुगीत इतरांना सूपभर दाणे जायचे. नवरा तलावाच्या कामावर, दोन लेकरं पदराला. पदर इतका पुढे ओढलेला की हनुवटीच दिसत होती.

"नाव सांगा, बाई," किशनराव म्हणाले.

तिनं पदर आणखी पुढे ओढला. मागची म्हातारी म्हणाली, "अगं सांग की, नाव सांगायला काय लगीन करायलीस का? आंबील निवायली."

दोघीचौघी हसल्या. चतुराबाई हळूच म्हणाली, "नागुबाई."

किशनरावांचा टाक थांबला. नागुबाई म्हणजे तिची सासू. तिला जाऊन सात वर्षं झाली होती. तिच्या मातीला किशनराव स्वतः गेले होते. शिवाय सुनेनं सासूचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, ही त्या घरची रीत. त्यांनी मान वर केली नाही. वहीत लिहिलं, नागुबाई.

पूजेआधी त्यांनी अप्पांना सांगितलं, "अप्पा, आज एका बाईनं मेलेल्या माणसाचं नाव सांगितलं."

अप्पांनी विचारलं, "नाव सांगायला तिला किती वेळ लागला?"

"लई वेळ."

"मग ते नाव देवाला सांगू. आणि खरं नाव तुमच्या पोटात राहू द्या, किशनराव. माझ्याही कानावर नको."

पुढे अशी नावं वाढली. कुणी आजीचं सांगितलं, कुणी चुलत्याचं. ज्या घरांनी कधी हात पसरला नव्हता, त्या घरची माणसं मेलेल्यांच्या नावानं जेवून गेली. एकानं तर बापाचं नाव सांगितलं आणि पुढच्या घोटाला त्याला ठसका लागला. किशनरावांना सगळे ठाऊक होते. पाऊस आला, रांग सरली, वह्या माझ्या पोटात गेल्या. सात वर्षांनी अप्पाही गेले.

ब्याऐंशी साली उस्मानाबादेतून लातूर वेगळा जिल्हा झाला. अप्पांचा मुलगा बसवंत तोवर लातुरात स्थायिक झाला होता. न्यासाची कचेरीही तिकडेच न्यायची आणि न्यासाच्या इतिहासाचं पुस्तक छापायचं, असं त्यानं ठरवलं. मनानं चांगला माणूस, पण घाई फार. बहात्तरच्या वहीतली नावं उतरवून घेतली आणि त्यातल्या माणसांचे फोटो मिळवायला तो गावात फिरला.

हॉटेलात श्रीमंत नावाचे म्हातारे पाटील बसले होते. त्यांनी यादी वाचून घेतली आणि मांडीवर थाप मारली. "अरे बसवंता, ही नागुबाई पासष्ट साली गेली! आणि हा खालचा तर रझाकारीच्या आधीच खपला. तुझ्या बापानं काय भुताला आंबील पाजली व्हय?"

अख्खं हॉटेल हसलं. बसवंत लाल होऊन दुकानात आला. वही माझ्या झाकणावर आपटली.

"किशनकाका, हे काय लिहून ठेवलं तुम्ही?"

"आले, जेवले. त्यांनी सांगितलं ते मी लिहिलं."

"मेलेली माणसं जेवायला आली? तुम्ही घरी बसून नावं भरली, असं म्हणायलेत लोक. माझ्या बापाच्या कामाला बट्टा लागला."

किशनराव नुसते धोतराच्या काठाशी चाळा करत राहिले.

"सोमवारपर्यंत खरं काय ते सांगा," बसवंत म्हणाला. "नाहीतर चार माणसांसमोर ही पानं फाडीन. खोटं दप्तर मी नव्या कचेरीत नेणार न्हाई."

चार दिवस किशनराव रोज आले. वही काढायचे, पान उघडायचे, मिटायचे. त्यांनी एक शब्द सांगितला असता तरी पुरे होतं. गावात त्यांना बघून लोक विचारायला लागले, "काय किशनराव, आज कोणत्या मेलेल्याला जेवू घातलं?" तीस वर्षांची चाकरी आणि शेवटी लबाडाचं नाव. पत्र्याच्या पेटाऱ्याला काय करता येणार?

सोमवारी दुपारी दुकानाच्या ओसरीवर चार माणसं बसली. श्रीमंत पाटीलही होते. बसवंतनं नागुबाईच्या नावाचं पान चिमटीत धरलं, तेवढ्यात पायरीवर चतुराबाई दिसली. आता तिचा मुलगा शेषेराव कॉलेजात शिकत होता. घर पुन्हा भरलं होतं.

"थांब, बाबा," ती म्हणाली. "ती नागुबाई मी हाय."

बसवंतनं पान सोडलं.

"सासूचं नाव मी सांगितलं. माझं सांगितलं असतं तर माहेरी, सासरी, सगळीकडं बोभाटा झाला असता. तिला आता कोण हिणवणार हुतं? तीन महिने जेवले, लेकरं जगली. किशनभाऊनं लबाडी केली न्हाई. लबाडी म्यां केली."

श्रीमंत पाटलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आणि बाकीची नावं कुणाची गं?"

"ते मला इचारू नका. मी माझ्यापुरती आले." आणि ती तिथंच खांबाला टेकून खाली बसली.

ती वही आजही जशीच्या तशी माझ्या पोटात आहे. मी आता लातुरात, न्यासाच्या कचेरीत, जिन्याखाली असतो. रंग उडालाय, तळाला गंज धरलाय. वरचेवर शिकलेली मुलंमुली येतात, वह्या उघडतात, टिपणं काढतात. त्यांना माझं एकच सांगणं आहे. एखादं नाव जुळलं नाही, तर लिहिणाऱ्याला लगेच खोटं म्हणू नका. पान हळू उलटा. कागद जुना झालाय.

त्या दुपारचं थोडं राहिलं, तेवढं सांगून थांबतो.

बसवंतचे डोळे भरले होते. त्यानं किशनरावांचे पाय धरले. मग उठून नवा कोरा कागद माझ्या झाकणावर ठेवला आणि आपल्या खिशातला पेन त्यांच्या हातात दिला.

"काका, चुकलो. तुम्हाला सगळे ठाऊक आहेत. आता खरी नावं तेवढी लिहून द्या, म्हणजे पुस्तकात कुणी बोट ठेवणार न्हाई."

ओसरीवरचे दोघे जण एकदम खाली बघायला लागले. किशनरावांनी कोऱ्या कागदाकडे पाहिलं. पेनाला टोपण लावलं आणि तो माझ्या झाकणावर आडवा ठेवला. वही उचलून माझ्या पोटात घातली, कोयंडा लावला. मग काठी घेतली, वहाणा पायात सरकवल्या आणि पायऱ्या उतरून निघून गेले.