त्सिमोखला मारलेली हाक

मी एक फार जुनं क्रियापद आहे. माझा अर्थ 'बोलावणे'. मित्रांनो, माझा मूळ उच्चार कुणीच लिहून ठेवला नाही. अभ्यासकांनी माझ्यापासून निघालेल्या शब्दांच्या, म्हणजे माझ्या लेकरांच्या, तोंडवळ्यावरून मला अंदाजाने उभं केलं आणि माझ्या आधी एक चांदणी काढली. चांदणी म्हणजे, याला कुणी पाहिलेलं नाही. मेल्यावर भूत होतात म्हणे. मला तर जितेपणीच केलं.

तुमच्या मराठीतलं 'आव्हान' माझ्याच भावकीतलं. माझी लेकरं स्लाव लोकांच्या भाषांत पांगली. रशियातलं अजून राबतंय. पोलंडातल्याला आता फारसं काम नाही. जर्मनीतल्या एल्बे नदीकाठचं भाषेसकट मेलं.

पण बेलारूसच्या दलदलीतल्या गावात माझा मान मोठा. शरदात तिथे पितरांचं जेवण असतं. मधातले जव मांडून घरची बाई मेलेल्यांना नावानं बोलावते, तेव्हा तिथल्या भाषेतल्या माझ्या लेकराच्या अंगात माझा संचार होतो. एखादं नाव राहिलं, तर तो जीव उपाशी परततो. चुकून जित्याचं घेतलं, तर त्याचं मरण ओढवतं.

अवदोल्या म्हातारीचा मुलगा त्सिमोख लढाईवर गेला, तो परतलाच नाही. मेल्याचीही खबर नाही. दर शरदात त्याच्या नावापाशी मी तिच्या घशात अडकून राही.

यंदा सून प्रोस्या म्हणाली, "आई, त्यालाही बोलवा. किती वर्षं दाराबाहेर उपाशी ठेवायचं?"

"जिभेला काही हाड आहे का तुझ्या? जित्या पोराला मेलेल्यांच्या पंगतीत बसवू?"

"आणि जिता नसला तर? माझा नवरा आहे तो, आई!"

दोघी रडल्या. मग म्हातारीने बाकी सगळ्यांना बोलावलं आणि उठून ती उंबरठ्यावर जाऊन उभी राहिली. त्सिमोख लहान असताना ती इथूनच त्याला हाक मारायची.

"त्सिमोश्का, ये रे! जेवण निवतंय!"

जित्याला चालेल आणि मेल्यालाही, अशी ती हाक. बाई गं, इतका जीव माझ्यात कधी कुणी ओतला नव्हता!

ओ आली नाही. गावातली कुत्री मात्र एकदम गप्प झाली. प्रोस्याने एक चमचा जास्त मांडला. दार कुणी लावलं नाही.

मित्रांनो, मला जपायचं असेल तर पुस्तकात ठेवू नका. ज्याची वाट पाहताय, त्याला नावानं हाक मारा. हाक मारणारं कुणी उरलं नाही की काय होतं, ते एल्बेकाठच्या माझ्या लेकराला विचारा. मी रोज विचारते आहे.