क्वोथ तानाबाई

इंग्रजी ही जगातली सर्वांत परिपूर्ण भाषा आहे. तिच्या प्रत्येक क्रियापदाला तिन्ही काळ मोकळे आहेत आणि म्हणूनच तिने अर्ध्या पृथ्वीवर राज्य केलं. हे मत मी मोताळ्याला आमच्या हायस्कुलात कित्येक वर्षं ठासून मांडलं. मी तिथे मराठी शिकवायचो. इंग्रजीत मी दोनदा नापास झालो होतो, त्यामुळे त्या भाषेबद्दल माझ्या मनात फार आदर होता.

हे मत मोडलं सहदेव इंगळे सरांनी. ते शेजारच्या वर्गात इंग्रजी शिकवत. दोन वर्गांच्या मधे भिंत नव्हती, बांबूचा तट्टा होता. महाराष्ट्र नुकताच झाला होता, भिंतीही व्हायच्या होत्या. माझी मुलं त्यांचं इंग्रजी ऐकत, त्यांची मुलं माझं मराठी. निकालावर परिणाम दोन्हीकडे सारखाच होई.

मॅट्रिकच्या पुस्तकात नावाड्याची एक जुनी इंग्रजी कविता होती. तिच्यात एक विचित्र क्रियापद सात वेळा यायचं. दर जानेवारीत तट्ट्यापलीकडून ते मला ऐकू येई.

"क्वोथ म्हणजे म्हणाला, म्हणाली. 'ही क्वोथ' नाही बे, 'क्वोथ ही'. कर्ता मागून येते. हे फक्त जुन्या कवितेत भेटते. साहेबबी आता घरी बोलत नाही असं."

"याचा वर्तमानकाळ सर?"

"नाही."

"भविष्य?"

"नाही. याले भूतकाळच आहे, दुसरं काही नाही."

"मंग ते जगते कसं सर?"

"जगत नाही ना. म्हणून गेलेलं आहे."

क्वोथवरून पोरांनी कोथिंबीर केली, आणि कोथिंबिरीला आमच्या वऱ्हाडात सांबार म्हणतात, म्हणून इंगळे सर 'सांबार सर' झाले. पुण्याच्या वाचकाला यात डाळ आणि शेवग्याची शेंग दिसेल. त्याला माझा इलाज नाही.

सरांचं सगळं व्याकरण त्यांच्या बायकोवर उभं होतं. तानाबाई शाळेची पायरी चढलेली बाई नव्हती, पण तिचं दर वाक्य इंग्रजीत जाऊन आलेलं होतं. "तानाबाई सेज दॅट ज्वारी इज फिनिश्ड." "तानाबाई सेड दॅट ज्वारी वॉज फिनिश्ड." इंगळ्यांच्या घरात काय संपलं, हे आख्ख्या मॅट्रिकला काळासकट माहीत असे. पोरं रस्त्यात तिला गाठून विचारत, "काकू, आज काय सेज?" ती म्हणे, "घरी जाय, तुही माय वाट पाहून राह्यली." दुसऱ्या दिवशी तेही फळ्यावर.

एका वर्षी डिसेंबरात सरांनी नागपूरहून व्ही.पी.नं एक जाडजूड शब्दकोश मागवला. क्वोथचा वर्तमानकाळ कुठे गेला, हे त्यांना एकदाचं शोधायचं होतं. कोश आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेत आले, आणि मधल्या सुट्टीच्या आधीच त्यांना घरून बोलावणं आलं. आम्ही सगळेच धावलो. दार सताड उघडं होतं. दुधाची गंजी, म्हणजे पातेली, आडवी पडलेली, आतून चाटूनपुसून लख्ख. तानाबाई चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती, पण ती आता नुसती बसलेलीच होती. डॉक्टरांनी हृदय म्हटलं. आदल्या दिवशीपर्यंत त्या हृदयाबद्दल कोणाला काही माहीत नव्हतं. तिला तर मुळीच नाही.

सर नवव्या दिवशी शाळेत आले. तट्ट्यापलीकडे खडू वाजला. "तानाबाई सेज," सर म्हणाले, "दॅट वॉटर इज कोल्ड." पोरं एरवी हसायची. त्या दिवशी बाकाचंही लाकूड वाजलं नाही. त्यानंतर रोज तानाबाई सेज. सेड कधीच नाही. मुलांनी वहीत निमूट 'सेज' लिहून घेतलं. व्याकरणाची इतकी मोठी चूक इतक्या अदबीनं उतरवून घेणारा वर्ग मी दुसरा पाहिला नाही.

जानेवारी गेला. फेब्रुवारी निम्मा गेला. नावाडी काही निघेना. बोर्डाचा पेपर जवळ आला, तशी पोरं हेडमास्तर हिंमतरावांकडे गेली. हिंमतराव सरांना म्हणाले, "इंगळे सर, नावाडी कधी?"

"शिकवून राह्यलो," सर म्हणाले, आणि अप्लिकेशन रायटिंग शिकवत राहिले.

शेवटी हिंमतरावांनी मला पाठवलं. दुःखाच्या ठिकाणी मराठीच्या मास्तरला पाठवायची पद्धत आहे. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात मी सरांजवळ बसलो.

"सर, पोरांचे सात मार्क जाऊन राह्यले."

त्यांनी ग्राउंडवरच्या शेळ्यांकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "त्या दिवशी सकाळी मी कोशात डोकं घालून बसलो होतो. सापडलं मले. याले वर्तमानकाळ होता गुरुजी. पाच-सहाशे वर्षांपूर्वी मेला. त्याचा एकच भाऊबंद उरला, 'बिक्वीथ'. म्हणजे मरतानी मागं ठेवून जाणं. मृत्युपत्रात येते तो. मी खूश झालो. तेवढ्यात ती काहीतरी म्हणू लागली. मी 'हं' म्हटलं."

"मग?"

"मंग शाळेत आलो."

एक शेळी व्हरांड्याची पायरी चढली, आमच्याकडे बघून उतरली.

"क्वोथ शी लिहिलं की कॉमा द्या लागते. कॉमानंतर अवतरणचिन्ह उघडा लागते," सर म्हणाले. "उघडून आत काय घालू? शेवटचं वाक्य होतं तिचं, अन् मी 'हं' म्हटलं. कशाले म्हटलं, ते मलेच माहीत नाही."

मी माझ्या परीनं मदत केली. म्हटलं, आपल्या मराठीत 'म्हणे' आहे, त्यावर भागवा. ते म्हणाले, "'तानाबाई गेली म्हणे' असं सारं गाव म्हणून राह्यलं. त्यात तानाबाई कुठं काय म्हणते?" मग मी तिच्या तोंडी शोभतील अशी तीन वाक्यं तिथल्या तिथे रचून दिली. एकात संसाराचं सार होतं, एकात क्षमा होती, तिसऱ्यात पुढल्या जन्माचा उल्लेख आला होता. सरांनी तिन्ही शांतपणे ऐकली.

"चांगली आहेत," ते म्हणाले. "पण एवढं लांब बोलाले तिले फुरसत नव्हती."

बाजाराच्या दिवशी मी बनाबाईकडे सांबाराची जुडी घ्यायला वाकलो. बनाबाई ही इंगळ्यांची शेजारीण. दोन घरांत एक कुडाची भिंत, म्हणजे आमच्या तट्ट्याचीच मोठी बहीण. सहज विचारलं, "बनाबाई, त्या दिवशी सकाळी तुम्ही घरीच होत्या का?"

"घरीच ना. जुड्या बांधून राह्यली होती."

"तानाबाई सरांना काही म्हणाली, ते ऐकलं का हो?"

"आयकलं. आयकाले काय लागते, तिचा आवाज का बारीक होता?"

मी जुडी खाली ठेवली. "मग सांगितलं का नाही कोणाला?"

"दोन महिने झाले, मले कोनं इचारलं? सारे आले, रडले, च्या पिऊन गेले."

"काय म्हणाली?"

बनाबाईनं जुडीवर पाणी शिंपडलं. "तुमाले काऊन सांगू गुरुजी? तुमाले म्हटलं काय तिनं? ज्याले म्हटलं त्याले सांगीन. घ्या, दोन घ्या, ताजा आहे."

मी तसाच दोन जुड्या घेऊन सरांकडे गेलो आणि सांगितलं. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. आनंद झाला असं म्हणवत नाही. "हो?" म्हणाले, आणि जुड्या तेवढ्या माझ्या हातातून घेतल्या.

आठ दिवस ते गेले नाहीत. मला आधी नवल वाटलं, मग राग आला, मग कळलं. वाक्य कळेपर्यंत ते कितीही मोठं असू शकत होतं. त्यात सार असू शकत होतं, क्षमा असू शकत होती. एखादी शिवीसुद्धा चालली असती. आणि एकदा कळलं की तानाबाईही म्हणून गेलेली होणार होती.

नवव्या दिवशी संध्याकाळी ते बनाबाईच्या दारात उभे असलेले मी लांबून पाहिले. बनाबाई बसूनच काही बोलली. फार वेळ लागला नाही. सर टोपी हातात घेऊन थोडे थांबले, मग स्वतःच्या घरात गेले. मला काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बनाबाईनं मला वळण लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला तट्ट्यापलीकडून आवाज आला, "पान एकशे बारा काढा. नावाडी." मी माझ्या वर्गाला हाताने गप्प केलं, पण ती पोरं आधीच गप्प होती.

सरांनी सगळं नीट शिकवलं. क्वोथ आय, क्वोथ ही, क्वोथ शी. कर्ता मागून येतो. बोलण्यात नाही, जुन्या कवितेत. वर्तमानकाळ नाही. या वेळी कोणी विचारलं नाही की हे जगतं कसं.

"आता उदाहरण," ते म्हणाले. "लिहून घ्या."

खडू फळ्यावर चालू लागला. तट्ट्याच्या फटीतून मला फळ्याचा कोपरा दिसत होता. क्वोथ तानाबाई. स्वल्पविराम. अवतरणचिन्ह उघडलं. तिथे खडू थांबला. इतका वेळ, की कोणीतरी बाकावर पाय हलवले. मग एका दमात इंग्रजी वाक्य लिहून झालं, आणि अवतरणचिन्ह मिटलं. पोरांनी मान खाली घालून उतरवून घेतलं.

मागच्या बाकावरून एक आवाज आला, अगदी हलका. "सर, मराठीत सांगता?"

"तानाबाई म्हणाली," सर म्हणाले. डिसेंबरपासून पहिल्यांदाच 'म्हणाली'. पुढचं मात्र त्यांच्या आवाजात नव्हतं, तिच्याच आवाजात होतं, घाईघाईचं, चुलीकडे तोंड करून म्हटलेलं.

"दार लोटून घेजा. मांजर येते."