मधलं वर्ष

अक्षरवाल्याने कागद आपल्याकडे ओढला, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि शेवटच्या ओळीतल्या शेवटच्या अक्षरावर बोट ठेवलं. तिथून तो उलटा वाचू लागला. एक अक्षर, मग त्याच्या अलीकडचं, मग त्याच्याही अलीकडचं. बोट उजवीकडून डावीकडे सरकत होतं. ओठ हलत होते, आवाज मात्र नव्हता.

टेबलापलीकडे बँकेत कर्जाचं काम बघणारी बाई बसली होती. वयाने त्याच्या मुलीसारखी. थोडा वेळ तिने वाट पाहिली, मग तिला राहवेना.

"काका, उलटं वाचताय?"

"सवय आहे," बोट न उचलता तो म्हणाला. "सरळ वाचलं की डोळे पुढे पळतात. असायला हवं ते दिसतं, आहे ते दिसत नाही. कागदावर खपून जातं हो. दगडाला खोडरबर नसतो."

तो दगडावर नावं कोरायचा. दुकानांची, घरांची, कधी एखाद्या इमारतीच्या पायाच्या दगडावर तारीख. पण जास्त करून गेलेल्या माणसांची. मजकूर शेपटीकडून डोक्याकडे तपासायचा, हे त्याला वडिलांनी शिकवलं होतं. अक्षर बघ, अर्थात शिरू नको, म्हणायचे. परक्याचं दुःख छिन्नीच्या टोकाशी आलं की टवका उडतो. त्याने ते इतकं अंगी बाणवलं होतं की आलेली पत्रंसुद्धा तो आधी असाच तपासायचा आणि मग बायकोकडे द्यायचा वाचायला.

बोट थांबलं.

"इथे 'आणि' दोनदा पडलंय."

"अगं बाई! खरंच की," ती हसली. "आम्ही तिघांनी वाचलं हे. तुम्ही इथे नोकरीला का येत नाही?"

"नोकरी असती तर तुम्ही हा कागदच मागितला नसता."

"तेही खरंच." तिने चूक काढून नवा कागद छापला. "पगारदाराचं सोपं असतं. दर महिन्याला तेवढंच. तुमचं म्हणजे एकदा पूर, एकदा वाळवंट. आम्ही तीन वर्षांची सरासरी धरतो. मधलं वर्ष भरघोस आहे, म्हणून जमतंय. फक्त ते एकदाच उगवलेलं पीक नाही, एवढं वरच्या ऑफिसला पटलं पाहिजे. त्यासाठीच हे पत्र."

त्याने मान हलवली. त्याच्या डोळ्यांपुढे पत्र नव्हतंच, अंगण होतं. भाड्याच्या दोन खोल्या आणि त्यांच्यापुढचं ते ऐसपैस अंगण. भिंतीला टेकून ओळीने उभ्या शिळा, कोपऱ्यात पाण्याचा नळ, सावलीला एक पत्रा. मालक सगळं विकायला निघाला होता. तुम्हाला आधी विचारतो, म्हणाला होता, पण गोदामवाला रोख घेऊन दारात उभा आहे. दुसरीकडे जायचं म्हणजे कुठे जायचं? लोक खोल्या दाखवायचे त्या वरच्या मजल्यावरच्या. दगड काही जिना चढत नाहीत.

नवा कागद त्याने पुन्हा शेपटीपासून तपासला. आता एकही चूक नव्हती. त्याने सही केली. कोरल्यासारखी, प्रत्येक अक्षर सुटं.

घरी आला तेव्हा बायको नळी लावून एका शिळेवरची भुकटी धूत होती. धुण्याचं काम तिचं. पाणी पडलं की अक्षरं काळी होऊन वर यायची, आणि ती त्यांच्याकडे झोपेतून उठलेल्या मुलांकडे बघावं तशी बघायची.

"काय म्हणाल्या बाई?"

त्याने पत्राची प्रत पुढे केली. तिने एका हातात नळी तशीच धरली आणि दुसऱ्या हाताने कागद उन्हात धरून मोठ्यांदा वाचायला सुरुवात केली. तिच्या वाचण्याला चाल असायची. लहानपणी ती आणि तिची मोठी बहीण एकाच पुस्तकातून वाचायच्या, एक ओळ हिने, एक ओळ अक्काने; तेव्हापासून ओळीच्या शेवटी तिचा आवाज जरा वर राहायचा, पुढची ओळ कुणीतरी उचलेल म्हणून.

"'मधल्या वर्षी माझ्या कामात झालेली वाढ तात्पुरती नाही. यापुढेही दर वर्षी मला एवढंच काम मिळत राहील आणि कर्ज फिटेपर्यंत त्यात खंड पडणार नाही, अशी मी खात्री देतो.'"

आवाज वर राहिला आणि तिथेच थांबला. नळीचं पाणी शिळेवरून घसरून तिच्या पावलांवर पडत होतं.

"मधलं वर्ष म्हणजे," ती म्हणाली, "साथीचं."

 त्या वर्षी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. उजाडलं की छिन्नी, दिवे लागले तरी छिन्नी. माणसं फाटकाशी उभी राहायची, हातात नाव लिहिलेली चिठ्ठी घेऊन, आणि कुणी कुणाकडे बघायचं नाही. त्या चिठ्ठ्यांमधली एक बायकोने स्वतः लिहिली होती. अक्काचा दगड त्याने कोरला तेव्हा ती शेजारी पाण्याची बादली घेऊन बसली होती, आणि पाणी घालायचं मात्र विसरली होती.

"अहो, हे तुम्ही लिहून दिलंत?"

"बाईंनी लिहिलं. मी तपासलं."

"तपासलं म्हणजे वाचलं ना?"

"अक्षरं वाचली."

ती त्याच्याकडे बघत राहिली. रागाने नाही, रागावली असती तर बरं झालं असतं.

"अक्षरं वाचली म्हणे! आणि मी मेली इथे अंगणात उभी राहून मोठ्यांदा वाचते. यापुढेही दर वर्षी, एवढंच."

"उद्या जाऊन खोडून येतो."

ती नळ बंद करायला गेली, आणि नळाशीच बराच वेळ उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दोघंही गेली. बाईने शांतपणे ऐकून घेतलं.

"खोडा की. तुमचंच पत्र आहे. पण मग वर काय होतं ते सांगते. मधलं वर्ष अपवाद म्हणून बाजूला काढतात. उरलेल्या दोन वर्षांवर अंगण राहू द्या, अंगणाचं फाटकसुद्धा यायचं नाही." तिने आवाज खाली आणला. "काका, कागद आहे हो तो. शाप नव्हे. तुम्ही लिहिलं म्हणून कुणी जात नाही, नाही लिहिलं म्हणून कुणी राहत नाही."

"ते कळतं मला," तो म्हणाला. "पण मी लिहिलेलं टिकतं. धंदाच तो आहे माझा."

 बाईने पत्र त्याच्यापुढे सरकवलं आणि वर पेन ठेवलं. त्याने पेन उचललं. ओळीच्या सुरुवातीला टोक टेकवलं. तेवढ्यात मनगटावर बायकोचा हात पडला, पाण्यात राहून राहून खरखरीत झालेला.

"राहू द्या."

"अगं, काल तूच..."

"काल मीच. आज राहू द्या म्हणते." ती त्याच्याशी बोलत होती, पण बघत होती टेबलाच्या कडेकडे. "अक्का काय म्हणाली असती ठाऊक आहे? मेले मी, आणि घर घालवून उन्हात तुम्ही का बसताय? म्हणाली असती की नाही?"

"म्हणाली असती," तो म्हणाला. अक्काची जीभच तशी होती.

अक्का कोण, हे बाईने विचारलं नाही. तिने पत्र उचलून फायलीत घातलं आणि फायलीची दोरी बांधली.

कर्ज मंजूर झाल्याचा फोन आला तेव्हा तो हातातली कानस टाकून धावत आत गेला. मालकाने इतकी वर्षं भिंतीत एक खिळा ठोकू दिला नव्हता. त्या दिवशी बायकोने कुठलंही कारण नसताना खिळा ठोकला, आणि त्यावर काय अडकवावं ते सुचेना म्हणून आपला पदर अडकवून हसत उभी राहिली. कितीतरी दिवसांनी त्याने तिला असं हसताना पाहिलं.

मग कामच येईना. हवा कधी नव्हे इतकी चांगली होती. म्हातारे भिंतीच्या कडेला ऊन खात बसायचे आणि न खोकता गप्पा मारायचे. दवाखानेवाला जाता-येता म्हणायचा, "अक्षरवाले, यंदा आपल्या दोघांचं काही खरं नाही!" आणि स्वतःच खो-खो हसायचा. अक्षरवाला एका पिठाच्या गिरणीची पाटी कोरत होता. ती संपली. मग त्याने छिन्न्यांना धार लावली. मग पत्रा झाडला. पहिला हप्ता जवळ येत चालला. बायको त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हती, पण धुण्याभांड्यातून मान वर करून फाटकाकडे बघायची, आणि आपण बघितलं हे त्याला दिसलं की उगाच कावळा हाकलायची.

दुपार कलत असताना फाटकाची कडी वाजली.

तो पत्र्याखाली पाठमोरा बसला होता. तो उठायच्या आत ती ओल्या हातांनी धावत गेली होती.

"या, या! या ना! असे उन्हात का उभे? अहो, कोण आलंय बघा! बसा, खुर्ची घ्या, मी पाणी आणते हं..."

असा आवाज तिने लग्नाच्या बैठकीला आलेल्या पाहुण्यांसाठी काढला असता. तो वळला. फाटकात एक मध्यमवयाचा माणूस उभा होता. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण चुकीच्या काजात, हातात चार घड्या घातलेली चिठ्ठी. आणि त्याच्यापुढे ती, एका हाताने खुर्ची ओढता ओढता थांबलेली. तिचा दुसरा हात हळूहळू वर गेला आणि तोंडावर घट्ट बसला. डोळे मात्र झाकायचे राहिले, आणि ते भरून आले.

माणूस तिच्याकडे बघत राहिला. गेले कितीतरी दिवस लोक त्याच्यापुढे ठरलेलं बोलले असतील, ठरलेली मान हलवली असेल. असं कुणी रडलं नसावं.

"आईला ओळखायचात तुम्ही?" त्याने विचारलं.

 बायकोने एकदा अक्षरवाल्याकडे पाहिलं. मग त्या माणसाकडे. तोंडावरचा हात न काढता तिने मान हलवली. हो.

माणूस एकदम खुर्चीत बसला. चिठ्ठीच्या घड्या त्याने गुडघ्यावर उलगडल्या. आत नाव होतं, आणि नावाखाली सगळी जागा कोरी.

"बरं झालं, तुम्ही भेटलात," तो तिला म्हणाला. "मला काही सुचतच नाहीये हो. तुम्हीच सांगा, तिच्याबद्दल काय लिहायचं?"