पत्र्याखालच्या मुंग्या

श्रावणातला सोमवार होता, शिवकीर्तन सुरू झालं होतं आणि सगुणाबाईच्या टीव्हीत नुसत्या मुंग्या होत्या.

आवाज येत होता. टाळ, वीणा, मध्येच महाराजांचं खाकरणं, सगळं स्वच्छ. पडद्यावर मात्र वारूळ फुटल्यासारखं काळंपांढरं वळवळत होतं. त्या वळवळीत कुठंतरी तिचा धाकटा भाऊ मल्लिकार्जुन बसला होता आणि तिला त्याचा उजवा हात बघायचा होता.

भूकंपात गावाकडच्या घराचं माळवद, म्हणजे मातीचं छत, त्या हातावर आलं. दवाखान्यात बोटं काढावी लागली, अंगठा तेवढा राहिला. पंचक्रोशीत ज्याच्या मृदंगाशिवाय कीर्तन उभं राहत नव्हतं, तो मल्लू दवाखान्यातून परस्पर मुंबईच्या एका मठात गेला आणि पुन्हा इकडं फिरकला नाही. मागच्या आठवड्यात शेजारच्या चांदपाशाच्या सायकल दुकानात त्याचा फोन आला. सोमवारी दुपारी आमच्या महाराजांचं कीर्तन टीव्हीवर हाय, मृदंगावर मी हाय, बघ म्हणाला. सगुणाबाईनं हाताचं विचारलं. तर "बघ की अक्का," एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला.

तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता. मठात मृदंग वाजवणारे आणखीही असतील. बहिणीला बरं वाटावं म्हणून कुणाच्या तरी शेजारी नुसता बसला असेल तर? आवाजावरून ते कळणार नव्हतं.

सगळ्या गल्लीनं घरावर बांबू लावून अँटेना चढवले होते. पण सगुणाबाईचा नवरा सिद्धराम डाळमिलमध्ये मुकादम, आणि भूकंपापासून त्याला डोक्यावर काहीही खपत नव्हतं. लातुरात जागा घेतली तर स्लॅब नको म्हणाला, पत्रे घातले. वाऱ्यात पत्रे उडू नयेत म्हणून लोक दगड ठेवतात, यानं तेही ठेवू दिले नाहीत. पंखासुद्धा टेबलावरचा. बांबूचं नाव काढलं की म्हणायचा, पत्रा हाय तेवढाच लई झाला. म्हणून बाजारातून दोन शिंगांचा, घरात ठेवायचा अँटेना आला. दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, कुठंबी ठेवा, काचेसारखं दिसतंय.

काच काही दिसेना. सिद्धरामनं शिंगं पसरली, मिटली, एक उभं, एक आडवं केलं. टीव्ही पेटीवर ठेवून बघितला, खाली ठेवून बघितला. चांदपाशा आला, त्यानं शिंगाला ॲल्युमिनियमची ताटली अडकवली आणि म्हणाला, "पश्चिमेला फिरवा सिद्धरामभाऊ. आमची तर सगळी दुवा तिकडंच जाते."

"आन् आमचा कैलास उत्तरेला हाय," सिद्धराम वैतागून म्हणाला. "टावर कुठं हाय ते सांगा."

पलीकडच्या खोलीत शिकवणीसाठी मुदखेडहून आलेली पोरं भाड्यानं राहत होती. त्यातला एकजण आवाज कमी करा म्हणून सांगायला आला आणि तिथंच उभं राहून सल्ले द्यायला लागला. सगुणाबाई मात्र चटईवरून हलली नाही. कीर्तन उभं राहिल्यावर मधून उठायचं नसतं, हे तिच्या अंगात मुरलेलं. बसल्या जागेवरूनच ती सांगत होती, जरा इकडं, न्हाई, तिकडं, आता गेलं.

मध्येच सिद्धरामनं शिंग हातात धरलं आणि पडद्यावर एक फेटा उमटला. सोडलं की गेला. सगुणाबाई म्हणाली, विणेकऱ्यासारखं उभं ऱ्हावा, वीणा खाली ठेवायची नसती. तो तसा उभा राहिला. फेट्याखाली तोंड काही येईना.

तेवढ्यात लेक दीपाली आतून आली. तिची बारावी. संध्याकाळी शिकवणीत टेस्ट, आणि मघापासून तिचं एक पान पुढं सरकलं नव्हतं.

"अप्पा, वर पत्रा, भिंतीला पत्रा. डब्यात बसून लाटा धरायलाव आपण. लोखंडातनं त्या आत येत न्हाईत."

"मग आवाज कुठनं यायलाय?"

आवाजाला थोडक्यात भागतं, चित्राला जास्त लागतं, असं ती सांगायला लागली. त्यावर चांदपाशा बोलला, मुदखेडचा पोरगा बोलला, सिद्धरामनं दुकानदाराचा दाखला दिला, आणि तिघांच्या बोलण्यात महाराजांचा अभंग बुडाला.

सगुणाबाई उठली.

उभ्या कीर्तनातून ती आयुष्यात कधी उठली नव्हती. तिनं टीव्ही पोटाशी धरून उचलला. "वायर सोडा," म्हणाली आणि अंगणात निघाली.

स्टुलावर टीव्ही ठेवला, पोरांच्या खोलीतून वीज घेतली. आभाळ भरून आलं होतं म्हणून पडदा तरी दिसत होता. सिद्धराम टीव्हीमागं शिंगं धरून उभा राहिला आणि मुंग्या पांगल्या. महाराजांचा चेहरा आला, कपाळावरच्या विभूतीसकट.

आणि चेहराच राहिला. मृदंग खणखणत होता आणि कॅमेरा महाराजांच्या मिशीवरून हलायला तयार नव्हता. "अरे मागं दाखवा की," चांदपाशा पडद्याला समजावत होता. गजर सुरू झाला. महाराज दिसले, पुन्हा महाराज दिसले, मग पुढं बसलेल्या बाया, आणि एकदम मृदंग.

"वैनी, हे उलटं आलंय," चांदपाशा म्हणाला.

कणीक थापलेली पांढरी बाजू, जिच्यावर एरवी डावी थाप पडते, ती उजव्या हाताखाली होती. बोटांनी वाजवायची काळी शाई डाव्या हाताखाली.

"शिंगं फिरवू का?" सिद्धराम मागून ओरडला.

"न्हाई अप्पा," दीपाली म्हणाली, "मागच्या फलकावरची अक्षरं सरळ हायत."

सगुणाबाई पडद्याजवळ सरकली. डाव्या हाताची बोटं शाईवर नाचत होती, नव्यानं शिकलेली, क्वचित अडखळणारी. उजवा हात म्हणजे नुसता तळवा आणि अंगठा. तो वर जात होता आणि कणकेवर घुमून पडत होता.

"चित्र सरळ हाय," ती म्हणाली. "मल्लूनं मुरदुंग फिरवून घेतलाय."

"काय घेतलाय? मला बी बघू द्या की." सिद्धराम मान वाकडी करून पुढं यायला लागला, तशी पडद्यावर एक मुंगी चढली.

"तुम्ही हलू नका," सगुणाबाई डोळे न काढता म्हणाली. "मी सांगते. डाव्यानं वाजवायलाय बघा. लई चांगलं वाजवायलाय."