न पिकलेला मोतीबिंदू

"पिकला असंल आता," सखुबाई म्हणाली. "माझा बी असाच पिकला होता. समदं धुकं धुकं. काढला अन् पयल्यांदा काय दिसलं, तं भिंतीवरली पाल!"

नर्मदाबाई खुदकन हसली. डोळ्यांच्या शिबिरात दोघी शेजारणी शाळेच्या बाकावर नर्मदाबाईच्या नंबराची वाट पाहत बसल्या होत्या. नर्मदाबाईची मुलगी संगिता कळमनुरीला शाळेत शिकवायची. आईला शिबिरात आणायला ती रजा काढून आली होती. नर्मदाबाईचं चित्त मात्र घराकडे होतं. लाईट कधी येईल अन् कधी जाईल याचा हिंगोलीत नेम नव्हता, आणि लाईट आली की गल्लीतल्या बाया डबे घेऊन नर्मदाबाईच्या पिठाच्या गिरणीकडे धावायच्या. नवरा गेल्यापासून गिरणी तीच चालवत होती.

उजव्या डोळ्याने दिसेनासं होऊन बरेच दिवस झाले होते. संगिताने तपासायचा विषय काढला की ती म्हणायची, "कच्चा हाये अजून. कच्चा काढत न्हाईत." गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी आपापले मोतीबिंदू असेच पिकू दिले होते. अढीत घातलेल्या आंब्याची पाहावी तशी तीही निवांत वाट पाहत होती. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. घाई कसली?

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बॅटरीने पाहिलं, यंत्रावर हनुवटी टेकवायला लावून पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं.

"आजी, हा मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढून आतली नस सुकत जाते."

"मंग काढा की."

"यात काढण्यासारखं काही नसतं. उजव्या डोळ्याची नजर गेली, ती आता परत येणार नाही. डाव्याची समोरची चांगली आहे, बाजूची कमी झालीय. आहे तेवढी राखायला रोज थेंब टाकायचे. कायमचे."

"म्हंजे ते पिकणारच नव्हतं?"

"नाही, आजी."

बाहेर आल्यावर सखुबाईने डोळ्याला पदर लावला. "मीच तुला म्हणत होते गं, पिकू दे म्हून."

"तू कुठली डॉक्टरीण? उगं रडू नको, तुझा नवा डोळा खराब व्हईल," नर्मदाबाई म्हणाली आणि तिचा हात धरून रिक्षाकडे निघाली.

घरी आल्यावर संगिताने चहा ठेवला, दोन घोट घेतले आणि मग बोलली.

"माय, गिरणी बंद कर आता."

"काहून?"

"मोटारीचा पट्टा तुझ्या उजव्या हाताला फिरतो. पदर गेला म्हंजे?"

"इतकी वर्षं न्हाई गेला तो आत्ताच जातो व्हय? घरात बसून काय करू? भिंती पाहू?"

नर्मदाबाईने कपबशी खाली ठेवली आणि उठून गिरणीपाशी गेली. लाईट नव्हती, मोटार थंड होती. रोजच्या जागी, धान्य ओतायच्या तोंडाकडे पाहत ती उभी राहिली.

"ये बरं तिकडून, पट्ट्याच्या अंगानं. हळू ये. दिसलीस की 'थांब' म्हणते."

संगिता पायातल्या चपला काढून पुढे आली. नर्मदाबाई वाट पाहत राहिली. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली. अजून निघाली कशी नाही ही पोरगी, असं तिच्या मनात आलं, आणि तेवढ्यात संगिताचा हात तिच्या खांद्यावर पडला.

"आलीस व्हय?"

"आले, माय."

नर्मदाबाईने हात लांब करून पट्टा चाचपला. तिथेच होता, हाताच्या अंतरावर. मग ती ज्वारीच्या पोत्यावर बसली.

"सखुबाईच्या सुनेला बोलाव," ती शेवटी म्हणाली. "कोमल काम शोधून राहिली कवापासून. मोटार अन् पट्टा तिनं सांभाळावा. पीठ मी पाहीन. पीठ काही डोळ्यानं पाहत न्हाईत."

तेव्हापासून नर्मदाबाई गिरणीच्या पीठ पडायच्या तोंडाशी स्टुलावर बसू लागली. संगिताने ठरवून दिल्याप्रमाणे सकाळ-संध्याकाळ थेंब टाकायची, बायांच्या सासवा-सुनांच्या भांडणांत मनापासून भाग घ्यायची, आणि कोमलला "पदर खोच आधी" म्हणून दर वेळी दटावायची. शिबिरातली हकीकत सखुबाईने गल्लीभर सांगितली होती. त्यानंतर कोणी न सांगता बाया स्टुलाला वळसा घालून नर्मदाबाईच्या डाव्या अंगाला डबे ठेवू लागल्या. उजवीकडची फरशी रिकामी असे.

एकदा नव्याने राहायला आलेल्या एका बाईने आपला डबा उजवीकडेच टेकवला. कोमलने तो पायाने हळूच मागून सरकवत डावीकडे नेला. पत्र्याचा डबा फरशीवर खरखरत गेला.

नर्मदाबाईने तो आवाज ऐकला. तिने मान वळवली नाही. पडणाऱ्या पिठाखाली तळहात धरला, चिमूटभर गरम पीठ बोटांत चोळलं आणि म्हणाली,

"अजून जरा बारीक येऊ दे, कोमल."