विचारलं तेवढंच

मनुबाईच्या पायांवर, घोट्यापासून चार बोटं वर, एक पांढरी रेघ होती. खाऱ्या चिखलात बराच वेळ उभं राहिलं की ती उमटते. चिखल पाण्याने निघून जातो. मीठ मात्र कातडीच्या बारीक भेगांत शिरलेलं असतं, आणि पाय वाळले की पुन्हा वर येतं. भाऊसाहेब रिसबुडांच्या विहिरीवर तिने पाय दोनदा धुतले होते. मागच्या पडवीत येऊन बसेपर्यंत रेघ परत आली होती.

दयारामला ती रेघ बैठकीच्या खोलीतून, समोरासमोरच्या दोन उघड्या दारांतून दिसत होती. बाकीची आई भिंतीआड होती. दिसत होते ते फक्त पाय.

"का थांबलात?" प्रोफेसरांनी विचारलं. "छान चाललं होतं."

प्रोफेसर मुंबईच्या एका लॉ कॉलेजात शिकवत. भाऊसाहेबांचे जुने स्नेही. काल लाँचने रेवसला उतरून अलिबागेत आले होते, दोन दिवस हवापालटाला. त्यांच्या कॉलेजात प्रवेशाआधी एक लेखी परीक्षा घेत आणि त्यात निभावलेल्यांची तोंडी. परीक्षा जूनमध्ये होती. "आमच्या दयारामला जरा तपासून बघा," असं भाऊसाहेबांनी रात्री जेवताना सांगितलं होतं, आणि सकाळी स्वतः आंघोळीला जाताना दोघांना समोरासमोर बसवून गेले होते.

दयाराम खाडीकाठच्या खारेपाटातल्या आगरी घरातला. बाप अंबाजी तो मराठी शाळेत असतानाच गेला. हायस्कुलासाठी भाऊसाहेबांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. पुढे त्यांच्याच शब्दावर त्याला मुंबईच्या वसतिगृहात जागा मिळाली, तो बी. ए. झाला आणि परत याच घरात आला. दिवसा तो त्यांच्या वकिलीचं लिखाण करी. संध्याकाळी भाऊसाहेब त्याच्यापुढे इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख टाकत. त्याचा एक तृतीयांश करून दाखवायचा. "शब्द काप, शब्द," ते म्हणत, "पण अर्थाच्या केसाला धक्का लागता कामा नये." रॉकेलच्या धुराने त्यांचे डोळे चुरचुरत, तरी ते उठत नसत. स्वतःच्या मुलांसाठी ते असे कधी बसले नव्हते, असं त्यांच्या पत्नी, काकू, म्हणत.

दयारामने घसा साफ केला आणि कायदा आणि न्याय यांतला फरक इंग्रजीत सांगू लागला. तेवढ्यात मधल्या दारात पांढऱ्या कांद्यांची वेणी घेऊन मनुबाई येऊन उभी राहिली. काकूंनीच तिला "बाहेरच नेऊन दे" म्हणून पाठवलं असावं. सतरंजीच्या कडेपर्यंत आली आणि तिथेच थांबली.

"वा! अलिबागचा कांदा," प्रोफेसर मराठीत म्हणाले. "या बाई कोण?"

"कूळ आहे, सर," दयाराम म्हणाला. "खारेपाटातलं."

ते खोटं नव्हतं. अंबाजीच्या मागे भाऊसाहेबांच्या जमिनीला कूळ म्हणून तिचंच नाव लागलं होतं.

प्रोफेसर खूश झाले. "हे बघा, हे मला आवडलं. नाहीतर मुलं काय करतात, नाव विचारलं की आजोबांपासून सुरू होतात. तोंडीत हेच लक्षात ठेवा. विचारलं तेवढंच सांगायचं. पुढे वकिलीतसुद्धा."

मनुबाईने दयारामकडे एकदा पाहिलं. मग ती पाहुण्याकडे वळली.

"व्हय सायेब, कूळच हाय मी," ती म्हणाली. "ह्ये कांदं हितंच ठेवते. वलं हायत अजून, टांगून ठेवा म्हनावं."

ती गेली. प्रोफेसरांनी पुढचा प्रश्न विचारला, दयारामने उत्तर दिलं, आणखी एक विचारला, त्याचंही दिलं. आपला आवाज नीट येतो आहे याचंच त्याला नवल वाटत होतं.

दुपारी कचेरीत मनुबाईची तारीख होती. कूळकायद्याच्या साहेबांपुढे कुळाने स्वतः उभं राहून सांगायचं होतं, कसत असलेली जमीन विकत घ्यायची की नाही. आधीच्या दोन तारखा टळल्या होत्या. दोन्ही वेळा, आईला ताप आहे, असं दयारामने कळवलं होतं. मनुबाईला ताप आलेला नव्हता.

जेवण झाल्यावर भाऊसाहेबांनी त्याला जवळ बोलावलं. "प्रोफेसर खूश आहेत तुझ्यावर. माझी चिठ्ठी आहेच, आणि गिरगावात आमच्या बंधूंकडे तुझी राहायची सोय केलीय." त्यांनी पानाचा देठ खुडला. "आईला समजावलंस ना? मी काही तुम्हाला शेतावरून उठवणार नाही. कसायला तुम्हीच. कागदावर तेवढं माझं नाव राहू दे. मुलं तिकडे मुंबईत. वकिली आता कसली राहिलीय? म्हातारपणी माणसाला आपलं म्हणायला काहीतरी लागतं रे."

"हो," दयाराम म्हणाला.

त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात हलका होता. त्या हातात कसलाही कावा नव्हता, हे दयारामला ठाऊक होतं. आणि दुसरंही ठाऊक होतं. भाऊसाहेबांच्याच कपाटातलं कायद्याचं पुस्तक त्याने शिमग्याच्या आधी वाचलं होतं. कुळाने नको म्हटलं की कायद्याने होणारी विक्री रद्द होते, आणि मग कुळाला त्या जमिनीवर राहता येत नाही. मालक चांगला असो की वाईट, त्याची मुलं उद्या काहीही करोत, कायद्याला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. हे आईला सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

कचेरीच्या रस्त्याला ऊन चांगलंच तापलं होतं. दयाराम पुढे होता. आई गाठेल म्हणून त्याने चाल मंद केली, तर तिनेही केली.

"म्होरं चल तू," ती मागून म्हणाली. "तुज्या वळखीची मानसं असतील."

तो थांबला. "आये, मघाशी त्या पाहुण्यासमोर मी..."

"त्याचं काय? बराबर बोललास."

"बरोबर नव्हतं ते."

"मंग मी कूळ न्हाय तं काय खोतीन हाय?" ती हसली. पदराने कपाळ टिपून तिने विचारलं, "त्यो पावना तुला पास करील ना?"

"असं नसतं गं. लेखी असतं ते."

"लेखी असूं दे. तोंड वळखीचं असलं की बरं." थोडं चालून ती म्हणाली, "मी सायबाला नको म्हनून सांगते. तू जिवाला लावून घेव नको. भाऊसाहेब बोललं ना, कसायला तुमीच. मंग कागुद काय चाटायचाय आपल्याला? तुजी परीक्षा एकदा पार पडली म्हंजे मी सुटले."

आता सांगायला हवं होतं. कलम त्याच्या तोंडाशी आलं, आकड्यासकट आलं.

"ऊन फार आहे," तो म्हणाला. "पाणी पितेस?"

"नको. पहाटच्या व्हटीला पानी उतरलं तवा बांधावर व्हतो सगली. उधानानं खांड पाडलीय आपल्या खाचराच्या वरल्या अंगाला. आज न्हाय बुजवली तं खारं पानी शिरून तीन वरसं भात व्हनार न्हाय." जी जमीन नको म्हणायला ती निघाली होती, तिच्याच बांधाबद्दल ती बोलत होती, आणि त्यात काही विचित्र आहे असं तिला वाटत नव्हतं. "मी बोलले त्यांना, सांच्याला येते, माजी पाटी राखून ठेवा."

कचेरीच्या ओट्यावर गावचा बाळाजी बसला होता, अंबाजीचा चुलतभाऊ. त्याचीही तारीख आजच होती आणि ती होऊन गेली होती. अंगठ्याची शाई तो पायरीच्या दगडावर घासत होता.

"या वकीलसायेब! काला डगला कुठं ठेवला?"

"अजून प्रवेशच व्हायचाय, काका."

"मंग तू वकील व्हनार कवा? आमच्या जमिनी गेल्यावर?" आजूबाजूचे दोघेतिघे हसले. बाळाजी मनुबाईकडे वळला. "वयनी, खोतांवरच्या संपात तुज्या सासऱ्यानं नांगर टाकला, जंगलची लाकडं इकली, पर खोताला भाताचा दाना दिला न्हाय. आन तू त्याच घरात कांदं घेवन जातंस?"

"कांदं माजं हायत, तुजं न्हायत," मनुबाई म्हणाली. "तू तुजा अंगठा पुस आदी."

"पुसतो की. घ्यायची म्हनून सांगून आलो. काय जीव ग्येला न्हाय माजा." मग त्याचा आवाज उतरला. "तसं मना सोपं व्हतं म्हना. माजा मालक ऱ्हातो ममईला, जल्मात तोंड बघितलं न्हाय त्याचं. तुमचा तोंडाम्होरं बसलाय. भीड पडते मानसाला."

शिपायाने पुकारा केला. "मनुबाई अंबाजी!"

आत एक लांब टेबल, पलीकडे साहेब, बाजूला लिहिणारा कारकून. भाऊसाहेब येऊन खुर्चीवर बसले होते. दयाराम सवयीने त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. कोर्टात रोज तो तिथेच उभा राही. समोर पाहिलं तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आई एकटी उभी होती. आता मधून चालत तिच्याकडे जायचं तर सगळ्यांनी पाहिलं असतं. तो होता तिथेच राहिला.

"बाई, ही जमीन तुम्ही कसता?" साहेबांनी विचारलं.

"व्हय."

"केव्हापासून?"

"लगीन व्हवन आले तवापासून. घरधनी गेल्यावर मी एकली."

"कायद्याने ती विकत घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. घ्यायची आहे?"

मनुबाईने भाऊसाहेबांकडे पाहिलं. मग त्यांच्या डोक्यावरून दयारामकडे. दयारामची नजर टेबलावरच्या दौतीवर होती.

"कुणी काही दटावलंय का तुम्हाला?"

"न्हाय सायेब, द्येवाशपत न्हाय. भाऊसाहेबांनी माज्या पोराला शिकवलाय. पोटच्या पोरावानी."

"ते चांगलंच आहे. मी जमिनीचं विचारतोय." साहेब दमलेले होते, पण चिडलेले नव्हते. "हो की नाही, एवढंच सांगा."

कारकुनाने टाक दौतीत बुडवून वर धरला. मनुबाईने तोंड उघडलं. 'नको'तल्या 'न'साठी तिची जीभ वरच्या दातांमागे टेकलेली दयारामला दिसली.

"साहेब," तो म्हणाला.

"तुम्ही वकीलसाहेबांचे कारकून ना?"

"हो. म्हणजे, त्यांच्याकडे काम करतो. मी यांचा मुलगा आहे."

साहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, मग त्या बाईकडे, मग खुर्चीकडे. "तुम्हाला अजून कुणी काही विचारलेलं नाही."

"तिला एक गोष्ट माहीत नाही. ती मी सांगायला हवी होती, सांगितली नाही."

"सांगा. थोडक्यात."

थोडक्यात सांगणं त्याला चांगलं येत होतं. पण शब्द आले ते घरचे आले. "आये, नको बोललीस तं कसायला पन ऱ्हात न्हाय. कायद्यात तसा हाय. भाऊसाहेब चांगलं हायत, पर कायद्यात चांगलं-वायट न्हाय. आपल्याला उठावं लागेल. मना ठाव होता. शिमग्याच्या आदीपासून ठाव होता."

भाऊसाहेबांनी मान वळवली नाही. दयारामला त्यांची फक्त मानेची मागची बाजू दिसत होती, सकाळीच न्हाव्याने साफ केलेली. ती हळूहळू तांबडी होत गेली.

"मी उठवणार नव्हतो," ते म्हणाले. कुणालाही उद्देशून नाही. आणि ते खरंही असेल.

मनुबाई लेकाकडेच बघत होती. जमिनीचं, बांधाचं, कायद्याचं तिने काहीच विचारलं नाही.

"आन तुजी परीक्षा?"

दारात उभं राहिलेलं कुणीतरी फिसकन् हसलं. दयारामच्या कानांच्या पाळ्या तापल्या. भाऊसाहेबांची चिठ्ठी, गिरगावातली सोय, संध्याकाळचे अग्रलेख. आज इथून निघाल्यावर ट्रंक घेऊन कुठे जायचं हेही त्याला सुचत नव्हतं.

"ती माजी मी बघीन," तो म्हणाला. "तिच्यापायी जमीन देव नको."

"बाई?" साहेब म्हणाले.

मनुबाई साहेबांकडे वळली नाही. टेबलाला वळसा घालून ती भाऊसाहेबांच्या खुर्चीसमोर आली. पदर डोक्यावरून नीट पुढे ओढला आणि दोन्ही हात जोडले.

"भाऊसाहेब, राग मानू नका," ती म्हणाली. "जमीन आमी घेताव."